दसऱ्याच्या तोरणातले बी

आश्विन शुद्ध प्रतिपदेच्या सकाळी महाराष्ट्रातील घराघरांत पत्रावळीवर शेतातली काळी माती पसरली जाते, तीत गहू वा सप्तधान्य पेरले जाते, मध्यभागी जलपूर्ण कलश ठेवला जातो आणि वर फुलांची पहिली माळ चढते. नऊ दिवसांत वीतभर वाढलेले ते पोपटी अंकुर दसऱ्याला देवाला वाहून पुरुषमंडळी टोपीत वा फेट्यात खोवतात, मुलीबाळी केसांत माळतात. आदिशक्तीच्या ह्या उत्सवाचा प्रारंभच मुळी बीजारोपणाने होतो, हे आपण सर्वजण जाणतो. परंतु त्या अंकुरांवर जी माळ सोडली जाते, तिच्यातील फूलही कोणीतरी पेरलेल्या बीजातूनच आले आहे, ह्याचे भान आता फारसे उरलेले नाही. धान्य आपण पेरतो आणि फूल विकत आणतो.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दादरच्या वा पुण्यातील गुलटेकडीच्या फूलबाजारात पाऊल ठेवावे, तो केशरी आणि पिवळ्या राशींनी डोळे दिपून जातात. ज्याची जशी ऐपत त्याप्रमाणे कोणी पाव किलो, कोणी दोन किलो झेंडू घेऊन घरी परततो. दारावर तोरण, देव्हाऱ्याला माळ, शस्त्रांना, ग्रंथांना, वाहनांना हार, असा तो मंगल दिवस सरतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तोरण सुकते, आंब्याची पाने करकरू लागतात आणि ते सारे एका पिशवीत भरून बाहेर जाते. त्या पिशवीबरोबर आपण काय टाकून दिले, हा विचार सहसा मनात येत नाही. सुकलेल्या त्या झेंडूच्या पोटात पुढल्या वर्षीचे तोरण निजलेले असते. ते ओळखावे कसे, जपावे कसे आणि देवाच्या परडीत पुन्हा आणावे कसे, ह्याविषयी सणाच्या निमित्ताने वाचकांशी चार शब्द बोलावेत, असा आमचा मानस आहे.

कोनाड्यातील पुरचुंडी

आमचे बालपण कृष्णाकाठच्या एका लहानशा गावी गेले. घरामागे परस होते. त्यात विहीर, रहाटाशेजारी कर्दळ, कुंपणावर गोकर्णाचा वेल, तुळशीवृंदावनाभोवती तेरडा आणि पलीकडे झेंडूचा एक लांबट वाफा होता. परसाची सारी सत्ता आजीकडे होती. झेंडूला बहर आला, की एके दिवशी देवपूजा आटोपून ती लाल दोऱ्याची गुंडी हाती घेऊन वाफ्यात उतरे. साऱ्या रोपांवरून नजर फिरवून, जोमदार अशा पाच-सहा झाडांवरची सर्वांत भरदार फुले ती निवडी आणि त्यांच्या देठांना दोरा बांधी. त्या दिवसापासून ती फुले निषिद्ध. परडी घेऊन फुले खुडायला गेलेल्या आम्हा मुलांनी त्यांना हात लावावयाचा नाही, असा घरचा दंडक होता.

ललितापंचमीची सकाळ असावी. आम्ही सात-आठ वर्षांचे असू. परडीतली फुले आणि दोऱ्याची फुले ह्यांची तुलना करून आम्ही तिला विचारले, "आजी, सगळ्यांत मोठं फूल देवीला का नाही वाहायचं? देवाला चांगलं तेच द्यावं, असं तूच सांगतेस ना?"

ती हसली आणि म्हणाली, "अरे, ते देवीचंच आहे. फक्त पुढच्या सालच्या देवीचं."

दिवाळी सरून थंडी पडली, की दोऱ्याची फुले झाडावरच वाळून तपकिरी होत. आजी ती सुपात पसरून सावलीत वाळवी, कुस्करून बी मोकळे करी आणि जुन्या धोतराच्या फडक्यात चिमूटभर राखेसह त्याची पुरचुंडी बांधून देवघरातील कोनाड्यात ठेवी. त्या कोनाड्याला ओल नव्हती, उंदीर तेथे फिरकत नसत आणि रोज हात लागत असल्यामुळे पुरचुंडी विसरली जाण्याचे भय नव्हते. माहेरपणाला आलेली लेक सासरी निघाली, की ओटीतील तांदळांबरोबर तिच्या हाती कागदाची एक पुडीही पडे. त्या पुडीचे मोल आम्हाला फार उशिरा कळले. ते यथावकाश सांगू.

एका गोंड्यात अनेक फुले

झेंडूचे एक फूल म्हणून आपण जे खुडतो, ती वस्तुतः अनेक इवल्या फुलांची सभा असते. कडेला ज्यांना आपण पाकळ्या म्हणतो, त्यांतील प्रत्येक पाकळी हे एक स्वतंत्र फूल होय. मध्यभागी नळीसारखी बारीक फुले दाटीने बसलेली असतात. ह्या सर्वांना खालून एका हिरव्या पेल्याने आवळून धरलेले असते. त्या पेल्यात, प्रत्येक इवल्या फुलाच्या बुडाशी, एकेक बी धरते. पक्व बी काळे, काडीसारखे बारीक, वरच्या टोकाला फिकट कुसळांचा तुरा असलेले असते. जे पांढुरके, चपटे आणि दाबल्यास पोकळ लागते, ते फोल समजावे.

येथे एक मर्म ध्यानी ठेवले पाहिजे. गच्च भरलेल्या हजारी गोंड्यात जवळजवळ सगळ्या कडेच्या पाकळ्याच असतात. त्यांत पराग नसतो, म्हणून तेथे बी थोडे धरते. उलट ज्या फुलाला पाकळ्यांची एकच ओळ आणि मध्ये मोठी पिवळी चकती असते, त्याला बी विपुल धरते. निसर्गाच्या हिशेबी इकहेरी फूल लेकुरवाळे असते, देवघराच्या हिशेबी हजारी गोंडा शोभिवंत दिसतो. ह्या दोन हिशेबांचा मेळ घालणे हेच बी धरणाऱ्याचे कसब होय.

आपल्याकडे झेंडूच्या मुख्यतः दोन जाती दिसतात. उंच वाढणारा, मोठ्या केशरी वा पिवळ्या गोंड्यांचा तो झेंडू, आणि ठेंगणी, लहान, तांबूस-तपकिरी मखमली फुलांची ती मखमल. गोमंतकात झेंडूला रोजां म्हणतात, उत्तर हिंदुस्थानात गेंदा. इंग्रजीत ह्या दोन जातींना आफ्रिकन आणि फ्रेंच अशी बिरुदे लागली असली, तरी दोन्हींची मायभूमी मेक्सिको आणि मध्य अमेरिका आहे. पोर्तुगीजांच्या गलबतांबरोबर सोळाव्या शतकात हे झाड आपल्या किनाऱ्याला लागले, असे मानले जाते. त्यामुळे आमच्या भक्तीला काही उणेपण येते, असे आम्हास वाटत नाही. मेक्सिकोतील लोक दरवर्षी १ आणि २ नोव्हेंबरला आपल्या दिवंगत पूर्वजांचे स्मरण करतात आणि त्या वेळी घरातील वेदीवर ह्याच केशरी फुलांच्या राशी मांडतात. समुद्राच्या दोन टोकांना राहणाऱ्या, परस्परांना न ओळखणाऱ्या लोकांनी एकच फूल आपापल्या पूज्य स्थानी वाहावे, हा योगायोग मोठा हृद्य आहे.

बी धरण्याची रीत

घरी झेंडू असेल, तर निवड आधी झाडाची करावी आणि मग फुलाची. रोग नसलेले, बुंध्याला भक्कम, पुष्कळ फांद्यांचे झाड पाहावे. त्याच्या भरदार फुलास दोरा बांधावा. ते झाडावरच वाळू द्यावे. खालचा हिरवा पेला तपकिरी झाला आणि देठ सुकला, म्हणजे बी पिकले. दव सुकल्यावर, उन्हे वर आल्यावर ते कात्रीने कापावे. कागदावर पसरून चार-आठ दिवस सावलीत वाळवावे. मग पेला चिरून बी मोकळे करावे, काळे तेवढे ठेवावे.

ज्यांच्या घरी झाड नाही, त्यांनी दसऱ्याचे तोरण उतरवल्यावर त्यातील सर्वांत फुललेली आठ-दहा फुले बाजूला काढावीत आणि तशीच वाळवावीत. बाजारासाठी फूल उमलताच खुडले जात असल्याने प्रत्येकात पक्के बी मिळेलच असे नाही. कित्येकांत फोलच निघते. तरीही शोधणाऱ्याच्या पदरी थोडे काळे बी पडते, आणि एका कुंडीला चार दाणे पुष्कळ होतात.

साठवण कागदाच्या पुडीत वा कापडी पुरचुंडीत करावी. बी खडखडीत वाळले असेल, तर पुड्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवण्यास हरकत नाही, मात्र ओलसर बी प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडले, की बुरशी येऊन नासते. पुडीवर फुलाचे नाव, रंग, झाडाची उंची आणि महिना लिहावा. हे लिहिणे क्षुल्लक वाटते, परंतु सहा महिन्यांनी चार पुड्या समोर आल्या, की त्याचे महत्त्व पटते.

संकरित गोंड्याची फसगत

हल्ली बाजारात येणारे एकसारखे मोठे गोंडे पुष्कळदा संकरित वाणाचे असतात. दोन निरनिराळ्या आईबापांच्या संयोगाने ते बियाणे तयार केलेले असते. पहिल्या पिढीत सारी झाडे एकसारखी आणि जोमदार निघतात, पण त्यांचे बी धरून पेरले, की पुढल्या पिढीत आजा-पणज्यांचे गुण वेगवेगळे वर येतात. एक झाड उंच, दुसरे खुजे, एक गोंडा भरलेला, दुसरा विरळ. आमच्या ओळखीच्या कित्येक भगिनींनी अशा अनुभवानंतर, घरचे बी चालत नाही, असा ग्रह करून घेतला आणि तो नाद सोडला. दोष त्यांच्या हाताचा नव्हता, बियाण्याच्या कुळाचा होता.

ज्यांना वर्षानुवर्षे घरचे बी राखावयाचे आहे, त्यांनी प्रारंभ गावठी वा सरळ वाणापासून करावा. नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने काढलेले पुसा नारंगी गेंदा आणि पुसा बसंती गेंदा हे असे सरळ वाण आहेत. मात्र झेंडूवर मधमाश्यांचा राबता मोठा असतो. केशरी आणि पिवळी झाडे शेजारी असली, तर पराग इकडचे तिकडे होतात आणि पुढल्या साली रंग मिसळतात. ज्यास एकच रंग हवा, त्याने एका अंगणात एकच वाण लावावा. ज्यास मिश्रणाची हौस आहे, त्याने मधमाश्यांच्या मर्जीवर सोडावे.

दोरा सुटला

आता आमच्या घरची गोष्ट पुढे नेऊ. आजी गेली, काही वर्षांनी आम्ही बिऱ्हाड शहरात हलवले. पुरचुंडी बरोबर आली, दोरा मात्र आला नाही. आमच्या मातोश्री अत्यंत भाविक. झाडावरचे उत्तम फूल देवापासून राखून ठेवावे, ही कल्पनाच त्यांना रुचत नसे. आम्हालाही तेच योग्य वाटले. रोज सकाळी सर्वांत भरदार गोंडे देवीच्या चरणी जाऊ लागले. हंगामाच्या शेवटी जी बारकी, इकहेरी, कोणी न खुडलेली फुले झाडावर वाळत, त्यांचे बी आम्ही निमूटपणे साठवत असू.

पहिली दोन-तीन वर्षे फरक कळला नाही. मग गोंडे लहान झाले. पुढे त्यांच्या पाकळ्या विरळ झाल्या, मधली चकती दिसू लागली. दहा-बारा वर्षांत आजीच्या वाफ्यातला तो मुठीएवढा गोंडा जाऊन त्याच्या जागी रुपयाएवढे इकहेरी फूल उरले. आम्ही मातीला दोष दिला, शहराच्या हवेला दिला, पाण्याला दिला. खरे कारण आमच्याच हातात होते. उत्तम ते सारे आम्ही वाहून टाकले आणि उरलेल्यातून वंश चालवला. जे फूल खुडले जाते त्याला संतती नसते, एवढी साधी गोष्ट आमच्या ध्यानी आली नाही. एका पावसाळ्यात उरलेसुरले बीही प्लॅस्टिकच्या पिशवीत बुरसले आणि घराण्याचा झेंडू संपला.

देवाला उत्तम ते द्यावे, हे खरेच आहे. गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंतांनी पान, फूल, फळ आणि पाणी एवढ्यावरच आपली प्रसन्नता ठेवली आहे आणि तेथे महत्त्व भक्तीला दिले आहे, फुलाच्या आकाराला दिलेले नाही. शंभर फुलांतील पंचाण्णव देवाला वाहून पाच राखली, तर देवाचे काही उणे होत नाही. ती पाच मोडली, तर मात्र पुढील साली वाहावयास काहीच उरत नाही. आजीचा दोरा हा देवापासून चोरलेल्या फुलाचा नव्हता. देवाच्या नावे ठेवलेल्या ठेवीची ती खूण होती, हे आम्हाला ठेव बुडाल्यावर उमगले.

परडीतील इतर मंडळी

झेंडूखेरीज पूजेची पुष्कळ फुले घरच्या बियांवर येतात. कोकणात गौर म्हणून जिची स्थापना होते, त्या तेरड्याचे बोंड फुगीर, लवदार आणि हिरवे असते. ते पिकून फिकट झाले, की स्पर्श होताच तडकन फुटते, त्याची साल गुंडाळी होते आणि बी चहूकडे उडते. म्हणून बोंड फिकट होऊ लागताच त्याला तळहाताने झाकून खुडावे, किंवा आधीच मलमलीची लहान पिशवी बांधून ठेवावी. तेरड्याचा रंग तीन दिवस, अशी म्हण असली, तरी त्याचे बी पुढच्या मृगापर्यंत सुखाने टिकते.

गोकर्णाला चपटी, बोटभर लांब शेंग येते. ती वाळून तपकिरी झाली, की काढावी. बियांचे कवच कठीण असते, म्हणून पेरण्यापूर्वी त्या रात्रभर कोमट पाण्यात भिजत घालाव्यात. गोकर्णाच्या फुलात परागीकरण बहुतांशी आतल्या आत उरकते, त्यामुळे निळ्याचे बी निळे आणि पांढऱ्याचे पांढरे येण्याची खात्री झेंडूपेक्षा अधिक. अबोलीच्या वाळल्या बोंडाला पाणी लागले, की ते फुटून बी फेकते. ते पावसाआधीच उतरवावे.

तुळशीची मंजिरी तपकिरी झाल्यावर तळहातावर चोळावी. मोहरीहून बारीक दाणे निघतात. ते मातीत खोल पुरू नयेत, वर भुरभुरून हाताने हलके दाबावेत. सब्जाचे बी हे देवाच्या तुळशीचे बी नव्हे. पाण्यात पडताच जे टम्म फुगून गिळगिळीत होते तो सब्जा, हे ध्यानी ठेवावे.

ॲस्टरचे बी फार काळ सजीव राहत नाही, ते पुढच्याच हंगामात पेरावे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने फुले गणेश ह्या नावाने पांढऱ्या, गुलाबी, जांभळ्या रंगांचे वाण प्रसारित केले आहेत. प्राजक्ताचे फळ चपटे, नाण्यासारखे असते. ते दुभंगले, की दोन बाजूंना दोन बिया मिळतात. सायंकाळी उमलणाऱ्या गुलबक्षीचे बी काळ्या मिऱ्यासारखे दिसते. तिची तांबडी आणि पांढरी झाडे एकत्र आली, तर संततीला गुलाबी फुले येतात, आणि त्या गुलाबी झाडांच्या बियांतून पुन्हा तांबडी, गुलाबी, पांढरी अशी तिन्ही निघतात. कार्ल कॉरेन्स ह्या जर्मन शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी ह्याच फुलावर आनुवंशिकतेचे प्रयोग केले होते.

मोगरा, जाई, जुई, अनंत, दुहेरी तगर आणि दुहेरी जास्वंद ह्यांच्या बियांच्या मागे मात्र लागू नये. त्यांना फांदीपासून वा दाब कलमाने वाढवावे. शेवंतीच्या बुंध्याशी फुटणारे नवे कोंब मुळासकट वेगळे करून लावावेत.

ओळख नीट असावी

बी धरण्याआधी झाड ओळखणे आले. गणपतीच्या एकवीस पत्रींतील विष्णुक्रांता ही जमिनीलगत पसरणारी, इवल्या निळ्या फुलांची वनस्पती आहे. काही प्रांतांत गोकर्णालाही तेच नाव असल्यामुळे घोटाळा होतो. दसऱ्याला सोने म्हणून लुटले जाणारे आपट्याचे पान लहान, जाडसर आणि लांबीपेक्षा रुंदीला अधिक असते. बाजारात पुष्कळदा त्याच्या जागी कांचनाचे मोठे पान हाती पडते आणि त्यासाठी झाडांच्या फांद्याच्या फांद्या तोडल्या जातात. एक पान देऊन घेतल्याने सोन्याचे पुण्य कमी होत नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. देवाला प्रिय असलेली काही फुले माणसाला घातक असतात. धोत्रा, कण्हेर आणि पिवळी कण्हेर ऊर्फ बिट्टी ह्यांची सर्वच अंगे विषारी आहेत. बिट्टीच्या बिया तर प्राणघातक ठरू शकतात, आणि मुले त्यांच्याशी खेळतात. सदाफुली आणि गुलबक्षीचे बीही पोटात जाता कामा नये. म्हणून बियांच्या पुड्या स्वयंपाकघरात, मसाल्याच्या डब्यांशेजारी कदापि ठेवू नयेत. लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशा उंच जागी, नाव लिहून ठेवाव्यात.

एकादशीला पेरावे, दशमीला वाहावे

झेंडूच्या बियांना पेरल्यापासून फुले यावयास सुमारे तीन महिने लागतात. आपल्या पंचांगाने हा हिशेब जणू आधीच मांडून ठेवला आहे. आषाढी एकादशीला बी मातीत घातले, तर आश्विन शुद्ध दशमीला तीन चांद्रमास पुरे होतात. ज्या दिवशी पंढरीच्या वाळवंटात वैष्णवांचा मेळा भरतो, त्या दिवशी घरी चार दाणे पेरावेत आणि विजयादशमीला त्यांची फुले दाराला बांधावीत, ह्याहून सोपे वेळापत्रक कोणते? मध्ये अधिक मास आला, तर मात्र हिशेब बदलतो. २०२० साली अधिक आश्विन आणि २०२३ साली अधिक श्रावण आला होता. अशा वर्षी पेरणी एक महिना पुढे न्यावी, अन्यथा दसऱ्यापूर्वीच बहर ओसरू लागतो.

माती, वाळू आणि चाळलेले शेणखत समभाग घ्यावे. बी करंगळीच्या नखाएवढ्या खोलीवर टाकावे आणि कुंडी वळचणीला ठेवावी, नाहीतर आषाढाच्या सरी बी वाहून नेतात. चार ते सात दिवसांत कोंब दिसतात. तीन-चार आठवड्यांनी, चार-पाच पाने आल्यावर, संध्याकाळच्या वेळी रोपे हलवावीत. दोन रोपांत फूटभर अंतर ठेवावे, कुंडीत एकच रोप पुरे. हलवल्यानंतर महिन्याभराने शेंडा खुडावा. हात कचरतो, पण शेंडा गेला, की बाजूने फांद्या फुटतात आणि फुले वाढतात. पाणी साचू देऊ नये. दिवसातून पाच-सहा तास ऊन मिळणारा सज्जा असेल, तर सदनिकेतही दाराच्या तोरणापुरती फुले सहज मिळतात. शेतकरी टोमॅटोच्या कडेने झेंडू लावतात, कारण फळे पोखरणारी अळी त्याकडे ओढली जाते आणि त्याची मुळे जमिनीतील सूत्रकृमींना आळा घालतात. असे हे राखणदार झाड आहे.

निर्माल्य पायदळी जाऊ नये

देवाला वाहिलेल्या फुलाचे बी पेरावे काय, अशी शंका काही भाविकांच्या मनात येते. शास्त्रार्थ सांगण्याचा आमचा अधिकार नाही. निर्माल्य पायदळी येऊ नये, हा त्यामागील भाव मात्र सर्वमान्य आहे. पूर्वी ते वाहत्या पाण्यात सोडत. आज नद्यांची दशा आपण पाहतो, आणि अनेक शहरांत घाटांवर निर्माल्यकलश ठेवावे लागतात. तुळशीच्या वा फुलझाडाच्या कुंडीतली माती ही कोणाच्याही पायाखाली न येणारी जागा आहे. तेथे निर्माल्य कुजून माती होते आणि त्यातील बी पुन्हा देवाकडे जाते. तरीही ज्यांच्या मनाची खात्री होत नाही, त्यांनी देवावरची फुले सोडून केवळ दारच्या तोरणातील फुलांचे बी घ्यावे. मनाला टोचणी लावून केलेल्या कामात आनंद राहत नाही.

पुडी परत आली

आमच्या घरचा झेंडू संपल्यावर काही वर्षे आम्हीही बाजाराचाच आश्रय केला. मग एकदा नवरात्रात कोल्हापूरजवळच्या एका खेड्यात, आमच्या आत्याबाईंच्या घरी जाण्याचा योग आला. दारात पाऊल टाकतो, तो अंगणात मुठीएवढ्या केशरी गोंड्यांचा वाफा. आणि त्यांतील पाच-सहा फुलांच्या देठांना लाल दोरा.

आम्ही पाहतच राहिलो. आत्याबाई म्हणाल्या, "अरे, असा काय बघतोस? आईनंच दिलेलं बी आहे. माझ्या पहिल्या दिवाळसणाला. दोरा बांधायला चुकू नकोस म्हणाली होती, तेव्हापासून एक साल चुकले नाही."

निघताना त्यांनी आमच्या हाती कागदाची पुडी ठेवली. आजीने जे सांभाळले ते आम्ही घालवले होते, आणि तिने जे वाटून टाकले तेच वाचले होते. त्या आषाढी एकादशीला आमच्या सज्जातील कुंड्यांत ते बी पडले आणि विजयादशमीला आजीचा गोंडा पुन्हा आमच्या दाराला लागला. मातोश्री तेव्हा वृद्ध झाल्या होत्या. झाडावरचे सर्वांत मोठे फूल त्यांना दाखवले, तेव्हा त्या देव्हाऱ्यापाशी गेल्या आणि परत येताना त्यांच्या हातात लाल दोरा होता.

तेव्हा ह्या दसऱ्याला तोरण उतरवाल, तेव्हा त्यातील चार फुले बाजूला काढा. वाळवा, नाव लिहा, कोनाड्यात ठेवा. आणि आपट्याचे सोने द्यावयास शेजारी-पाजारी जाल, तेव्हा जमल्यास त्याबरोबर बियांची एक पुडीही द्या. न जाणो, एखाद्या वर्षी आपल्याला ती परत मागावी लागेल.